हरणांसाठी राखलेले रान

पंचवटीचे नाव घेताच महाराष्ट्रीय मनापुढे पाच वटवृक्ष, सीतागुंफा, अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी काळ्या पाषाणात उभविलेले काळारामाचे देवालय आणि गोदा-कपिला संगमावरचे तपोवन यांच्याबरोबरच एक हरीणही उभे राहते. मारीचाने धारण केलेल्या त्या सुवर्णरूपाची कथा आपण इतक्या वेळा ऐकलेली आहे की, वाल्मीकीच्या अरण्यकांडातील ते हरीण आश्रमाच्या परिसरात येऊन प्रथम काय करते, इकडे आपले लक्षच जात नाही. ते चरते. केळीच्या बनातून आणि कर्णिकारांच्या झाडीतून कोवळी पालवी खुडीत ते हिंडते. रानातली खरी हरणे त्याच्याजवळ येतात, त्याला हुंगतात आणि भिऊन दशदिशांना पांगतात. आश्रमाच्या आवारात हरणांना अभय असते आणि चाराही असतो, ही गोष्ट सर्वांना गृहीत असल्यावाचून मारीचाला हे कपट साधलेच नसते, असे मला वाटते. पंचवटीपासून गोदेच्या प्रवाहाबरोबर खाली निफाड तालुक्यात गेले म्हणजे नांदूर मध्यमेश्वर येथे मृगव्याधेश्वराचे देवालय लागते. रामाचा बाण त्या हरणाला येथे लागला, अशी तेथील श्रद्धा आहे. अभयाच्या जागी चरणारा मृग आणि त्याच्यामागे गेलेला धनुर्धर, या दोन्ही गोष्टी गोदातीरी अशा एकमेकींना लागून आहेत.

हरणांसाठी हेतुपूर्वक खाद्य सिद्ध करण्याची रीत आपल्याकडे किती जुनी आहे, याचा निःसंदिग्ध पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी ज्या ग्रंथाची संशोधित आवृत्ती परिश्रमपूर्वक सिद्ध केली, त्याच्या दुसऱ्या अधिकरणात, जी भूमी नांगराखाली येण्याजोगी नाही तिची व्यवस्था कशी लावावी हे सांगताना, राजाच्या विहारासाठी एक मृगवन राखावे असे म्हटले आहे: भोवती खंदक, आत शिरण्यास एकच द्वार, गोड फळांची झाडे, झुडपे, काटे नसलेले वृक्ष, उथळ जलाशय आणि माणसाळलेली हरणे. नखे आणि दाढा काढलेली हिंस्र श्वापदेही तेथे राजाच्या मृगयेसाठी ठेवावीत, हेही त्याच दमात सांगितले आहे. मात्र त्याच्या लगेच पुढे दुसऱ्या एका मृगवनाची तजवीज आहे, आणि तेथे सर्व प्राणी अतिथी मानलेले आहेत. एकाच ग्रंथकाराने, एकाच प्रकरणात, एक रान शिकारीसाठी आणि दुसरे पाहुणचारासाठी राखावयास सांगावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण पुढच्या दोन हजार वर्षांत या दोन्ही परंपरा आपल्या मुलखात समांतर चालत राहिल्या.

शिकारीची परंपरा अर्थातच अधिक गाजली. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या मानसोल्लासात मृगया हा राजविनोद विस्ताराने वर्णिलेला आहे. ऐन-इ-अकबरीत शिकवलेल्या काळविटाच्या शिंगांना फासे बांधून त्याला रानातल्या काळविटाशी झुंजविण्याची युक्ती आढळते. कोल्हापूर दरबारचा चित्तेखाना तर विसाव्या शतकातही नांदत होता. देशी चित्ते दुर्मीळ झाले तेव्हा आफ्रिकेतून आणविले गेले, परंतु ज्यांच्यावर ते सोडावयाचे ती काळविटे मात्र बाहेरून आणता येण्याजोगी नव्हती, ती राखीव माळांवरच वाढवावी लागत.

परदेशी शिकारी उन्हाळ्यात हरणांसाठी शेते पेरतात, तसे दख्खनच्या पठारावर कोणी केल्याचे दिसत नाही, आणि त्याचे कारण येथल्या ऋतुचक्रात आहे. तेथील उन्हाळा वाढीचा, तर आपला उन्हाळा करपण्याचा. चैत्र-वैशाखात माळावर हिरवे काही उरत नाही. जंगलात मोहाची आणि पळसाची गळालेली फुले, बाभळीच्या शेंगा आणि वानरांनी झाडावरून टाकलेला पाला यांवर चितळांचा निभाव लागतो, पण उघड्या माळावरच्या काळविटाला तोही आधार नसतो. म्हणून येथे हरणांना जगविणारी खरी विद्या राखण्याची होती, आणि तिचे नाव कुरण. पावसाळ्यात गुरांना मनाई, गवत पिकून बी झडेपर्यंत विळ्याला मनाई, आणि मग उभे वाळलेले गवत पुढच्या पावसापर्यंत पुरविणे, एवढाच तिचा विधी.

ही कुरणे राखली गेली ती हरणांसाठी नव्हे, घोड्यांसाठी, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मराठी राज्याचे बळ घोडदळात आणि घोडदळाचे बळ गवतात. पागांसाठी सरकारी कुरणे राखलेली असत आणि त्यांचे गवत कापून वाहण्याची वेठ रयतेच्या मानेवर बसे. ती वेठबेगार जुलमाची होती, तिचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु त्या बंदोबस्ताच्या सावलीत मारवेल, पवन्या, शेडा यांसारखी सकस गवते टिकली, आणि त्यांच्याबरोबर काळवीटही टिकले. पुढे इंग्रजी अंमलात पागा गेल्या, गवताचे लिलाव होऊ लागले, आणि ज्या जमिनीवर पीक नाही ती पडीक, असा महसुली दफ्तराचा सिद्धांत रूढ झाला. मला या सिद्धांताइतका माळाचा दुसरा शत्रू दिसत नाही. अतिचराईने गोड गवते नाहीशी होतात आणि मागे कुसळी उरते, जिची कुसळे पिकल्यावर जनावर तोंड लावीत नाही. आणि पडीक समजून त्याच माळावर झाडांच्या रांगा लावल्या म्हणजे, दूरवर दृष्टी पोचेल अशाच जागी निर्धास्त राहणारे काळवीट तेथून निघून जाते.

नाशिक जिल्ह्यात हा सारा इतिहास आज येवला तालुक्याच्या पूर्वेकडील ममदापूर-राजापूरच्या माळावर जिवंत आहे. सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र काळविटांसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेले असून, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या शिकारीला पूर्ण बंदी आहे. तरी उन्हाळा आला की कळप कुरणाबाहेर पडतात, पाण्याच्या शोधात कठडे नसलेल्या विहिरींत पडतात, रस्त्यावर वाहनांखाली सापडतात, आणि पेरणी उगवताच कोवळ्या पिकात शिरतात. शेतकऱ्याचा त्यांवरचा राग अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. ज्याचे वर्षाचे धान्य गेले त्याला भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. वनखाते पाणवठे बांधते, त्यांत पाणी भरते, हे योग्यच आहे. पण पाणवठ्याने तहान भागते, भूक भागत नाही. वैशाखातला चारा आषाढातच तयार करावा लागतो: मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी मारवेल-पवन्याचे बी माळावर टाकणे, उपटता येईल तेवढे तण उपटणे, दिवाळीपर्यंत चराई बंद ठेवणे, आणि त्या मुदतीत गावच्या गुरांना वैरण कोठून मिळेल याची तजवीज गावकऱ्यांना विचारून आधीच करणे. ताडोबा-मेळघाटात पुनर्वसित गावांच्या जुन्या शेतांवर गवताळ कुरणे उभी राहिली आणि तेथे चितळांचे कळप चरू लागले, ते याच रीतीने. तेथे मात्र गावे उठून गेलेली होती. ममदापूरला गावे नांदती आहेत, आणि कुरण राखावयाचे ते त्यांच्या गुराख्यांना बरोबर घेऊनच.