एका बाजूचा राग

खरे गाणे मैफलीत असते आणि लाँगप्ले तबकडीवर त्याचा छाटलेला, थंड झालेला अवशेष उरतो, हे मत आपल्याकडच्या जाणत्या श्रोत्यांत इतके मुरले आहे की त्यावर वाद होऊ शकतो हेच कुणाच्या मनात येत नाही. कपाटातल्या एलपी पाहायला आलेला पाहुणा कव्हरे उलटीपालटी करतो आणि हमखास म्हणतो, ‘आहे, छान आहे, पण बुवांना समोर बसून ऐकायला हवं होतं.’ ज्यांनी समोर बसून ऐकले त्यांचा मलाही हेवा वाटतो. पण तेवढ्याने एलपी मैफलीची उणी नक्कल ठरत नाही.

पूर्वपक्ष पोकळ नाही, म्हणून तो पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. ख्याल हा बढतीचा मामला आहे. एकेका स्वराला त्याचा वेळ द्यावा लागतो आणि तो किती द्यायचा हे गवई घरून ठरवून येत नाही. समोरच्या डोलणाऱ्या माना, तबलजीची तबियत, रात्रीचा प्रहर या सगळ्यांनी मिळून ते ठरते. स्टुडिओत यातले काहीच नाही. तिथे काच, लाल दिवा आणि विसाव्या-बाविसाव्या मिनिटाला आटपायचे बंधन. शिवाय एकदा छापलेला भूप जन्मभर तोच राहणार. केसरबाई केरकरांसारख्या मानी गायिकेला ध्वनिमुद्रणाचे प्रेम नव्हते, याचा दाखलाही वर दिला जातो.

आधी वेळेचा आक्षेप घेऊ. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी, बारीक खाचांची तबकडी बाजारात आणली. लाखेच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत, हिच्या एका बाजूवर वीस-बावीस. ही वीस-बावीस मिनिटे मैफलीतल्या तासा-दीड तासाशेजारी ठेवली की ती तोकडी दिसणारच. पण हे तास-दीड तासाचे माप सगळ्या गायकीचे कधी होते? मल्लिकार्जुन मन्सूर बैठकीतही एखादा अनवट राग वीस-पंचवीस मिनिटांत पुरा करून दुसऱ्याकडे वळत, आणि राग अर्धवट राहिला असे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. जयपूर-अत्रौलीचा ख्याल पहिल्या आवर्तनापासूनच लयीशी गुंतलेला असतो. त्याला पसरायला मैदान लागत नाही. कुमार गंधर्व तर बंदिशीच्या आकारातच राग पाहत. शिवाय एलपी आल्या तेव्हा या पिढीच्या अंगवळणी आकाशवाणीचे घड्याळ कधीच पडलेले होते. तीन मिनिटांच्या तबकडीत राग उभा करण्याची कसरत तर त्यांच्या गुरूंनीच केलेली. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून आपण घराबाहेर पडलो, असे भीमसेन जोशी सांगत. निव्वळ अवशेषाने गदगचे पोर घर सोडत नाही.

उलट बाजूनेही तपासून पाहा. वेळेची टंचाई हेच दुखणे असते, तर कॉम्पॅक्ट डिस्क आल्यावर ते बरे व्हायला हवे होते. तिच्यावर सत्तरेक मिनिटे सलग मिळू लागली. माझ्या कानांना तरी त्या लांबलेल्या रागांपैकी पुष्कळसे मधल्या पंधरा-वीस मिनिटांत पातळ झालेले वाटतात. गवई तेच, तालीम तीच, फक्त काय गाळायचे हे ठरवण्याची गरज उरली नव्हती.

आता अमीर खाँसाहेबांची १९६०ची तबकडी घ्या. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात षड्ज असतो, पण तो सहजी मिळू द्यायचा नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यात श्रोत्याला अधांतरी ठेवायचे, हा या रागाचा स्वभाव. खाँसाहेब झुमऱ्याच्या अतिविलंबित लयीत ते अधांतर इतके ताणतात की षड्ज आल्यावर बसायला पाट मिळाल्यासारखे होते. लय मुंगीच्या पावलांची आणि मुदत वीस-बावीस मिनिटांची, असा हा मुलखावेगळा सौदा. याला मैफलीतल्या मारव्याचा सारांश म्हणता येणार नाही, कारण सारांश काढणारा आधी लय वाढवतो. इथे आलापातला एकेक टप्पा निवडून, बाकीचे मनात ठेवून, राग नव्याने रचलेला आहे.

तबकडीची एक खोड मात्र खरी आहे आणि गंमत म्हणजे आक्षेपकांच्या यादीत ती कधीच नसते. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ येईपर्यंत जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा मिळते, म्हणून आतल्या फेऱ्यांत उंच, टोकदार ध्वनी चिरकतात. आता ख्यालाचा क्रम आठवा. कमी जागेत भागले असते तो आलाप कडेला ऐसपैस बसतो आणि द्रुताच्या ताना, तबल्याची चाट, हे सगळे नेमके अडचणीत येते. किशोरीताई आमोणकरांचा भूप आणि बागेश्री असलेल्या एलपीची माझ्याकडची प्रत बऱ्याच सुयांनी घासलेली आहे. भूपातल्या द्रुत ‘सहेला रे’पर्यंत पोहोचताना तिच्यात एक किरकिर शिरते, विलंबितात मात्र तिचा मागमूस नाही. ख्यालाची बढत आणि तबकडीचे भौतिकशास्त्र असे एकमेकांकडे पाठ करून चालतात. ही तक्रार कुणी केली तर मी निमूट मान डोलावीन. पण ती नादाची तक्रार झाली. गाण्याच्या घाटाशी तिचा संबंध नाही.

श्रोत्यांच्या अभावाचा मुद्दा ऐकायला भावतो, पण तो मांडणारेच तो पाळत नाहीत. मैफलीचा कैवार घेणाऱ्या बहुतेकांच्या घरी खासगी ध्वनिमुद्रणांचा साठा असतो. स्पूलवरून कॅसेटवर, कॅसेटवरून आणखी कुठे, अशा चार पिढ्या उतरलेला, खोकल्यांसकट. त्यालाच ते ‘खरे गाणे’ म्हणून ऐकवतात. ती तरी मैफल कुठे आहे? तेही मुद्रणच, फक्त गवयाने मायक्रोफोनचा विचार न करता दिलेले. मैफलीतून मैफल वजा जाता जे उरते त्याला पूर्ण गुण, आणि मुद्रणासाठीच विचारपूर्वक गायलेल्याला उणे, हा न्याय मला कळलेला नाही. पुन्हा ही आठवणीतली मैफल कोणती? पुण्यात १९५३ला सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला; त्याच्या वाढत गेलेल्या मांडवात मागच्या रांगांना गवई ठिपक्याएवढा दिसे आणि आवाज कर्ण्यातूनच येई. मायक्रोफोनने तिथेही आपले काम केलेलेच होते.

गोठण्याचा आक्षेप उरतो आणि तो अर्धा मला मान्य आहे. एलपीवरच्या भूपाने पुढच्या कित्येक भूपांना झाकोळून टाकले. शिष्यांनी तबकड्या पाठ केल्या, सुईने खाच सोडू नये तशा. श्रोतेही मैफलीत तबकडीचीच फर्माईश करू लागले आणि तिथला एखादा हरकतीचा फरक त्यांना चूक वाटू लागला. हे नुकसान खरे आहे. पण त्याच गोठण्यामुळे सामान्य श्रोत्याला प्रथमच एक राग पन्नास वेळा ऐकता आला. मारव्यात षड्ज कुठे टाळला, कुठे नुसता शिवला, हे पहिल्या ऐकण्यात जाणवते; सापडते ते पुष्कळ नंतर. उस्तादाच्या दारात वर्षे काढणाऱ्यालाच जे कळे, ते दादर-गिरगावच्या चाळीतल्या कारकुनाला रविवारी सकाळी कळू लागले.

एलपीला स्वतःचा घाट आहे याचा सर्वांत ढळढळीत पुरावा तिच्या दोन बाजूंत आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही. १९५५ साली यहुदी मेन्युइन यांच्या प्रास्ताविकासह अमेरिकेत अली अकबर खाँसाहेबांची एलपी निघाली, तिच्या नावातच सकाळ आणि संध्याकाळ होती. कोणते दोन राग पाठीला पाठ लावून बसवायचे, हा प्रश्न मैफलीला कधी पडलेलाच नव्हता. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांनी अहीर भैरवापासून पहाडीपर्यंत एका मेंढपाळाचा दिवस मांडला. तिचे निर्माते होते जी. एन. जोशी. मराठी माणसाला ते भावगीतगायक म्हणून ठाऊक. हिज मास्टर्स व्हॉइसमध्ये त्यांनी बसवलेल्या ध्वनिमुद्रणांबद्दल आपण त्या मानाने फारच कमी बोलतो. ही ‘व्हॅली’ कुठल्या मैफलीची नक्कल होती? तशी मैफल झालेलीच नव्हती.

छाटलेल्या गाण्याची तक्रार करायचीच असेल तर ती पुढच्या पुनर्मुद्रणांविरुद्ध करावी. अशा एका डिस्कवर मारवा संपतो आणि दोन सेकंदांत दरबारी सुरू होतो. मधली उठण्याची, तबकडी उलटण्याची फुरसत कुणीतरी बिनकामाची समजून काढून टाकली. त्याबद्दल मैफलीच्या कैवाऱ्यांनी अद्याप चकार शब्द काढलेला नाही.