खिशातील मोठा चाकू आणि आपली कोयती

श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीत वावरणाऱ्या माणसाच्या कमरेला आकडी असते व आकडीत कोयती असते. मुंबईहून सुटीला आलेल्या त्याच्याच मुलाच्या खिशात मात्र आताशा मिटता चाकू दिसतो. मूठ जवळजवळ वीतभर, पाते साडेतीन-चार इंचांचे, हाताला भरघोस वजन. असा चाकू रोज जवळ बाळगण्यास योग्य आहे काय, हा प्रश्न गेल्या गणेशोत्सवात आमच्या पडवीवर निघाला आणि वाद रात्री आरतीपर्यंत चालला. लोहारकीचा वारसा सांगणाऱ्या आपल्या पांचाळ ज्ञातीने तरी त्याचे उत्तर केवळ हौशीवर सोडू नये, असे वाटल्यावरून या वस्तूचा पूर्वेतिहास येथे मांडीत आहे.

मिटता चाकू अर्वाचीन नव्हे. ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा चाकू सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा मानतात, आणि रोमन काळातील असे चाकू युरोपात अनेक ठिकाणी मिळाले आहेत. परंतु त्या जुन्या चाकूंत पाते केवळ खिळीच्या घट्टपणावर उभे राही. सतराव्या शतकात इंग्लंडातील शेफील्डच्या कारागिरांनी मुठीच्या पाठीत पोलादी कमान बसविण्याची रीत रूढ केली आणि खिशातील चाकूला खरे रूप आले. तारा व क्रूस ही मुद्रा मिरविणारे तेथील जोसेफ रॉजर्स यांच्या पेढीचे चाकू एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातही नावाजले होते.

आपल्याकडे लहान पात्याचा मान होता तो लेखणीमुळे. कारकुनाच्या कलमदानात बोरू तासण्यासाठी कलमतराश असे. श्रीवर्धनच्या देशमुखी घराण्यातील बाळाजी विश्वनाथ लेखणीच्या बळावर पुढे आले व १७१३ मध्ये पेशवे झाले. त्यांच्या बोरूलाही टोक आणावयास पातेच लागले असणार; ते पाते कोणत्या भात्यावर घडले हे लिहून ठेवण्याची गरज मात्र दप्तरात कोणास भासली नाही! असो.

मोठ्या मिटत्या चाकूचे भारतातील प्रसिद्ध घर म्हणजे उत्तरेतील रामपूर. नवाबी अमलात वाढलेली ही कारागिरी पुढे नऊ ते बारा इंची पात्यामुळे आणि उघडताना होणाऱ्या खटक्यांच्या आवाजामुळे गाजली. हिंदी चित्रपटांनी तिला गुंडाच्या हाती दिले, आणि कारागिराचे नाव बदनामीत बुडाले. २०२३ साली रामपुरात सुमारे वीस फुटांचा चाकू चौकात उभारण्यात आला. नाव परत मिळविण्याची ती धडपड समजण्यासारखी आहे. आज आपल्या मुलांच्या खिशात जो चाकू येतो त्याची वंशावळ मात्र अमेरिकेकडे जाते. १९६४ च्या सुमारास तेथील बक कंपनीने शिकाऱ्यांसाठी '११०' या क्रमांकाचा चाकू काढला. पाते पावणेचार इंच, वजन सुमारे दोनशे ग्रॅम, आणि उघडलेले पाते अडकवून धरणारा खटका पाठीवर. पुढे जगभर त्याच धर्तीचे असंख्य चाकू निघाले.

आता प्रश्न असा की, कोयती, विळी, पहार, कुदळ घडविणाऱ्या कोकणातील आपल्या लोहारांनी मिटता चाकू का केला नाही? त्यांना सांध्याचे ज्ञान नव्हते असे कोणी म्हणू नये. रोठा सुपारीच्या या गावात घरोघर असलेला अडकित्ता म्हणजे सांध्याचेच हत्यार होय, आणि लोखंडी अडकित्ते लोहारच घडवीत. भेद आहे तो सांध्यावर येणाऱ्या भाराचा. अडकित्त्यात हाताचा जोरच दोन्ही भुजा एकमेकींवर दाबून धरतो. चाकूत मात्र पात्याचा उलटा जोर सोसण्याचे काम एकट्या कमानीकडे येते. पात्याला कडक पाणी द्यावयाचे, तर कमानीला असे की ती वाकेल पण मोडणार नाही व मूळ जागी परत येईल. शेफील्डमध्ये घडविणारा एक, घासणारा दुसरा, जुळविणारा तिसरा, अशी श्रमांची वाटणी होती. आपला लोहार भात्यापासून मुठीपर्यंत एकटा. शिवाय त्याचे गिऱ्हाईक वाडीचे होते, आणि वाडीला मिटणाऱ्या पात्याची गरज नव्हती. अज्ञानापेक्षा हा व्यवहार होता, असे माझे मत आहे.

या मताला एका अनुभवाचा आधार आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धनच्या वाड्यांतील माड-पोफळी आडव्या झाल्या. वाट मोकळी करताना माझ्या हाती पुतण्याने भेट दिलेला खटक्याचा मोठा चाकू होता. दोर कापणे, पोती फाडणे, झावळ्यांचे बंध सोडविणे ही कामे त्याने उत्तम केली. हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिसऱ्या दिवशी पोफळीची ओली विरी तासताना सांध्यात चीक व वाळू बसून खटका पुरता पडला नाही, आणि पाते माझ्या दोन बोटांवर मिटले. जखम भरली, पण एका बोटाचे टोक आजही बधिर आहे. शेजारच्या वाडीत त्याच वेळी मोटारीच्या पाट्यापासून घडविलेली एक जुनी कोयती दिवसभर चालत होती. तिला सांधाच नाही, मग निसटणार काय?

म्हणून चाकू पारखताना आधी पाते पाहू नये, सांधा पाहावा. पाते उघडून दोन्ही बाजूंस हलवून बघावे. डुलले तर धार कितीही असो, तो चाकू घेऊ नये. सांधा धुता येईल असा उघडा असावा, कारण खाऱ्या वाऱ्यात गंज न चढणारे पातेही आतील खिळीच्या गंजापासून वाचत नाही. काम झाल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, खोबरेलाचा थेंब द्यावा. रोजच्या वापरास तीन इंचांचे पाते पुरे. आंबा, दोरा, गाठोडे, पेन्सिल याहून मोठे काम खिशाने करू नये. मोठा चाकू धोतराला वा विजारीला ओढ देतो आणि बहुधा घरीच राहतो, हाही अनुभव आहे.

कायद्याचीही बाजू आहे. शस्त्र अधिनियम १९५९ खालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात येतात; घरगुती व शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. १९५१ च्या पोलीस अधिनियमातील कलम ३७ अन्वये मनाई हुकूम निघाला असता सार्वजनिक जागी लहान चाकूही बाळगता येत नाही. यात्रा-निवडणुकीच्या दिवसांत मुलांनी हे ध्यानात ठेवावे. वाडीत शोभणारी कोयती एस. टी. च्या गर्दीत शोभत नाही, हे तर सांगावयास नकोच.

पोफळीच्या घडाला कोयती आणि गाठोड्याच्या दोऱ्याला लहान चाकू, अशी विभागणी मी स्वतःपुरती केली आहे. तो मोठा चाकू पेटीत आहे. मात्र एक शंका राहून राहून येते. कमानीस योग्य असे पाट्याचे पोलाद आज आपल्या भात्यांवर रोज तापते. तेव्हा कोणी तरी जुन्या पिढीत, हौसेने का होईना, एखादा मिटता चाकू घडविला असेलच. ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी, माळ्यावर वा देव्हाऱ्याखालच्या पेटीत, आपल्याच घराण्याच्या हातचा असा चाकू असेल त्यांनी तो पुढील वार्षिक संमेलनास अवश्य घेऊन यावा. गंजलेला असला तरी घासून आणू नये. पाण्याची खूण पात्यावर तशीच पाहावयाची आहे.