क्षार, खार आणि आपला खारेपाट

‘आम्ल + आम्लारी = क्षार + पाणी’ हे समीकरण आपल्यापैकी कोणाला आठवत नाही? प्रयोगवहीत सगळ्यांनीच लिहिलं होतं. पण त्यातला ‘क्षार’ आपण शाळेत यायच्या आधीच दोन निराळ्या अर्थांनी ऐकलेला होता, एकदा स्वयंपाकघरात आणि एकदा शेताच्या बांधावर. हे मात्र पुस्तकात कुठे नव्हतं.

स्वयंपाकघरातला अर्थ जुना. संस्कृतात क्षार म्हणजे वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून आणि आटवून काढलेला दाहक पदार्थ. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात त्याची रीत सविस्तर दिली आहे. मृदू, मध्यम, तीक्ष्ण असे प्रकारही सांगितले आहेत. राखेच्या पाण्यात भाजलेली चुनखडी घातली की तो जहाल होतो, कारण राखेतल्या कार्बोनेटचं हायड्रॉक्साइड होतं. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात (पहिला खंड, १९०२) या कृतीची आवर्जून दखल घेतली. म्हणजे मूळचा क्षार हा आपल्या पुस्तकातला आम्लारी! इंग्रजी ‘अल्कली’सुद्धा राखेसाठीच्या अरबी शब्दावरून आला. हिंदीत क्षार आजही त्याच घरात राहतो आणि मिठाच्या जातीच्या पदार्थांना ‘लवण’ म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘आम्लारी’, म्हणजे आम्लाचा अरी, असा झकास शब्द घेतला आणि क्षार लवणांना देऊन टाकला. पेणच्या पोह्यांच्या पापडातला पापडखार मात्र जुन्याच अर्थाला धरून आहे. तो अल्कधर्मी आहे, चाखून बघितलेल्यांना सांगायला नको.

शेतातला ‘खार’ वेगळा. वढाव, शिर्कीकडच्या आपल्या मित्रांना तो शिकवायची गरज नव्हती. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं, उघाडीतून आतलं पाणी ओहोटीला सोडायचं आणि पावसाने धुऊन निघालेल्या जमिनीत भात लावायचं, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची शेती. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या महसुली कागदांत अशा जमिनींना ‘शिलोत्री’ म्हणत. पुढे १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा आला, १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा आला. तिथे खार म्हणजे समुद्राचं मीठच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बांधाला खांड गेली की ते शेतात शिरतात. पावसाळ्यात ते खाली जातात आणि उन्हाळ्यात ओल सुकू लागली की पुन्हा वर येऊन पांढरी साय धरतात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने भाताचे खारं सोसणारे वाण काढले ते याचसाठी.

माझ्या धंद्यात एकाच नावाला दोन अर्थ असले तर प्रोग्रॅम कोसळतो, पण तो पुन्हा चालवता येतो. शेतकऱ्याचा हंगाम परत येत नाही. माती परीक्षणाच्या अहवालात ‘क्षार जास्त’ असं असेल तर त्याचा अर्थ विरघळलेली मिठं जास्त. त्यावर उपाय गोड्या पाण्याने धुणं आणि निचरा. ‘चोपण’ जमिनीचं दुखणं वेगळं असतं. तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू सहसा ८.५ च्या वर जातो आणि तिथे जिप्सम लागतं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. क्षार म्हणजे अल्कली असं समजून नुसत्या खाऱ्या जमिनीत जिप्समची पोती ओतली तर पैसे मातीत! (गंमत म्हणजे जिप्सम हाही एक क्षारच. त्यातलं बरंचसं पाणी उष्णतेने काढलं की आपल्या पेणच्या मूर्तिकारांचं प्लास्टर ऑफ पॅरिस होतं.)

रोह्याच्या मंडळींना यातला तिसरा अध्याय ठाऊक असेल. धाटावसारख्या रासायनिक वसाहतीत आम्लयुक्त सांडपाण्यात चुना किंवा कॉस्टिक घालून त्याचं उदासिनीकरण करतात. हे आपलं वहीतलंच समीकरण, फक्त टाकीएवढं मोठं. सामू ७ वर आला की आम्ल संपलं. पण समीकरणाच्या उजव्या बाजूला पाण्याच्या आधी जो शब्द आहे, तो त्या पाण्यात विरघळून तसाच राहतो. म्हणून सांडपाण्याच्या तपासणीत सामूखेरीज एकूण विरघळलेले क्षार वेगळे मोजावे लागतात.