नांदायला जा, नाहीतर तुरुंगात

४ मार्च १८८७. तुम्ही मुंबईच्या हायकोर्टात उभे आहात. इमारतीला अजून दहा वर्षंही झालेली नाहीत. बाहेर घोड्यांच्या ट्रामचा खडखडाट, आत उकाडा. छताला टांगलेला कापडी पंखा दोरीनं ओढला जातोय आणि त्याच्या दर झोक्याला वकिलांच्या टेबलावरचे कागद फडफडतात. न्यायमूर्ती फॅरन हुकूम देतात: रखमाबाईंनी महिन्याभरात नवऱ्याकडे, दादाजी भिकाजींकडे, नांदायला जावं. न गेल्यास सहा महिने तुरुंग.

रखमाबाई बावीस वर्षांच्या आहेत. लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची पोर होती. नंतर त्या माहेरीच राहिल्या, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. रखमाबाईंचं म्हणणं सरळ आहे: अजाण वयात, मला न विचारता लावलेलं लग्न मला बांधत नाही. आणि या हुकमावर त्यांचं उत्तर तितकंच सरळ आहे: तुरुंगात जाईन, नांदायला जाणार नाही.

तुमच्या शेजारचे पागोटंवाले गृहस्थ पुटपुटतात, “हट्ट आहे हो नुसता. पोरीला विचारून का कुणी लग्न लावतं?” तुमच्या मस्तकात तिडीक जाते. पण त्यांच्याकडे नीट बघा. माणूस दुष्ट नाही. स्वतःच्या मुलीचे हात त्यांनी नवव्या वर्षी पिवळे केलेत, बापाचं कर्तव्य म्हणून, आणि तिला निरोप देताना ते रडलेतही. त्यांच्या घरात जन्मला असतात तर आज तुम्हीही मान डोलावली असती.

मग नीती म्हणजे ज्या त्या घराची सवय, एवढंच का? पुरावा तर तिकडेच झुकतो. रखमाबाईंची आई जयंतीबाई विधवा झाल्यावर पुन्हा लग्न करते. त्यांच्या सुतार समाजात ते चालतं. याच शहरातल्या ब्राह्मण घरात त्यासाठी बहिष्कार पडला असता. बायकोला कोर्टाच्या जोरावर नांदायला आणणं हे तर मुळात इंग्लंडच्या धर्मन्यायालयांचं देणं. खुद्द इंग्लंडनं १८८४ मध्ये त्यातली तुरुंगाची शिक्षा काढून टाकली. इथे ती १८८२ च्या दिवाणी संहितेत शाबूत आहे. दीड वर्ष मागे जा. सप्टेंबर १८८५, हेच कोर्ट. न्यायमूर्ती पिन्ही अशी सक्ती क्रूर ठरवून दावा फेटाळतात. १८८६ मध्ये अपिलात तो निकाल फिरतो. ‘केसरी’ रखमाबाईंच्या विरोधात लिहितो, समाजसुधारक बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूनं उभे राहतात.

पण मतं अनेक आहेत म्हणून सगळीच मतं सारखी ठरत नाहीत. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ज्याला हे भोगायचंय, त्याला विचारलंत का? शास्त्राचा आधार देणारे, कायद्याचा आधार देणारे, सगळे इथे गप्प होतात. त्या मुलीवरचा अन्याय १८७६ च्या सुमारासही अन्यायच होता. बघणाऱ्यांना तो दिसत नव्हता, इतकंच.

राहिला प्रश्न इच्छास्वातंत्र्याचा. रखमाबाई तरी स्वतंत्र कुठे होत्या? घरी डॉक्टर वडील नसते, पुस्तकं नसती, आईनं मिळकत नावावर केली नसती, तर हे बळ आलं असतं का? कदाचित नसतं. पण परिस्थिती माणसाला वाटेच्या तोंडाशी आणून सोडते. पुढे ‘हिंदू लेडी’ या टोपणनावानं ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रं लिहायची, कारणं तपासायची, परिणाम माहीत असताना नाही म्हणायचं, हे त्यांनी केलं. आणि हायकोर्टाचा हुकूमच त्याची साक्ष देतो. तुरुंगाचा धाक दगडाला कुणी घालत नाही; ज्याला नाही म्हणता येतं त्यालाच घालतात. अकराव्या वर्षी जिची इच्छा कुणी जमेस धरली नाही, बाविसाव्या वर्षी तिच्याच इच्छेला शिक्षा सुनावली गेली.

१८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होते. रखमाबाई लंडनला जातात, डॉक्टर होऊन परततात, सुरतेत आणि राजकोटला बायकांवर उपचार करण्यात आयुष्य घालवतात. आता १९५५ मध्ये या. मे महिन्यात हिंदू विवाह कायदा येतो. त्याच्या नवव्या कलमात नांदायला आणण्याचा तोच जुना दावा आहे, फक्त तुरुंग गेलाय. २५ सप्टेंबरला रखमाबाई जातात. ते कलम आजही कायद्यात आहे.

म्हणून त्या पागोटंवाल्यांना ‘काळच तसा होता’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच काळात, त्याच शहरात, तसंच लग्न झालेली एक बाई वेगळा विचार करत होती. तो विचार त्यांच्या आवाक्याबाहेरचा नव्हता. आपल्या आवाक्याबाहेरचा तर नाहीच.