शांत वाटांचा इतिहास : कंधार, उदगीर, औसा

वर्दळ नसलेली वाट पूर्वीपासून तशीच असेल, असा आपला सहज समज असतो. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील आडरस्त्यांनी सायकलवरून हिंडताना हा समज टिकत नाही. दोन्ही बाजूंना तूर, हरभरा आणि ज्वारीची शेते; अधूनमधून एखादी एस. टी., दोन-चार मोटारसायकली, एखादी बैलगाडी. आणि मग अकस्मात समोर एवढा प्रचंड किल्ला, की या लहान गावाला त्याचे काय प्रयोजन होते, असा प्रश्न पडावा. या प्रश्नाच्या उत्तरातच मराठवाड्याच्या इतिहासाचा मोठा भाग सामावलेला आहे. येथील शांतता निसर्गदत्त नाही. सत्ता येथून उठून गेली आणि मागे शांतता उरली.

प्रवासाचा आरंभ गोदाकाठच्या नांदेडहून करावा. गुरू गोविंदसिंग यांचा देहान्त १७०८ मध्ये येथेच झाला आणि पुढे महाराजा रणजितसिंग यांनी येथे गुरुद्वारा उभारला. लातूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ट्रकांनी गजबजलेला असतो. तो सोडून कंधारची वाट धरावी. अंतर सुमारे ५० किलोमीटर. गोदावरीचे सखल खोरे मागे पडते आणि बालाघाटाच्या पठाराकडे जमीन हळूहळू चढू लागते. मोटारीत बसलेल्याला हा चढ जाणवतही नाही. सायकलस्वाराच्या पोटऱ्यांना मात्र तो नेमका कळतो. देशाची उंचसखल रचना समजल्याविना किल्ले कोठे आणि का बांधले गेले, हे समजत नाही. म्हणून हा अभ्यास पुस्तकाइतकाच पायांनीही करावयाचा असतो.

कंधार हे राष्ट्रकूटांच्या काळातील महत्त्वाचे नगर. येथील भुईकोट किल्ल्याचा आरंभ दहाव्या शतकातील राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्याशी जोडला जातो. किल्ल्याभोवती खंदक आहे आणि गावाजवळ ‘जगत्तुंग समुद्र’ नावाचा विस्तीर्ण तलाव. जगत्तुंग हे राष्ट्रकूट घराण्यातील बिरुद होय. जवळच मानसपुरी येथे क्षेत्रपालाच्या एका अतिभव्य मूर्तीचे अवशेष सापडले. त्याच कंधारमध्ये हाजी सय्याह यांचा दर्गाही आहे. एका गावाने किती श्रद्धांना आपल्या अंगणात जागा दिली, हे येथे शांतपणे पाहता येते.

कंधारहून उदगीर आणि उदगीरहून औसा ही तीन नावे इतिहासात पुन्हापुन्हा एकत्र येतात. त्याचे कारण बीदर हे आहे. १४२५ नंतरच्या काही वर्षांत बहमनी सुलतानांनी आपली राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलविली आणि हे तिन्ही किल्ले राजधानीच्या वायव्येकडील पहारेकरी बनले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते तिन्ही कासीम बरीदच्या जहागिरीत होते. पुढे निजामशाही आणि मलिक अंबर यांचा काळ आला. १६३१ मध्ये कंधार, तर १६३६ मध्ये उदगीर व औसा मोगलांनी घेतले. आज आपण ज्या रस्त्याने निवांत पायडल मारतो, त्याच प्रदेशातून तोफा, हत्ती आणि धान्य वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे गेले आहेत.

या भूमीवरील सर्वांत निर्णायक प्रसंग १७६० चा. त्या वर्षाच्या आरंभी उदगीर-औसा परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला कोंडीत पकडले. साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले मराठ्यांच्या पदरी पडले. या विजयामुळे भाऊंचा लौकिक एवढा वाढला, की अब्दालीविरुद्धच्या उत्तरेकडील मोहिमेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, ते आपण सारे जाणतो. उदगीरच्या तटावर उभे राहिले असता मनात येते, की मोठ्या यशाच्या पोटातच मोठ्या संकटाचे बीज कित्येकदा लपलेले असते.

यानंतर हळूहळू येथील रस्ते निवत गेले. निजामाची राजधानी दूर हैदराबादेत स्थिरावली आणि तोफांच्या नव्या युगात भुईकोटांचे महत्त्व ओसरले. विसाव्या शतकाच्या आरंभी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी लातूरपर्यंत आली. व्यापार तिच्याभोवती जमला, लातूरची बाजारपेठ वाढली आणि जुनी किल्ल्यांची गावे बाजूला पडली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बीदर शहर म्हैसूर राज्यात गेले. परंतु बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. ज्या राजधानीसाठी हे किल्ले उभे राहिले, तीच आता परराज्यात गेली. उदगीरच्या बाजारात मात्र आजही मराठी, कानडी आणि दखनी या भाषा एकमेकींना खेटून उभ्या असतात. नकाशावरील रेषेला माणसांची बोली जुमानत नाही.

निलंग्यावरून औशाकडे येताना खरोशाची लेणी लागतात. साधारण सहाव्या शतकातील ही लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत. येथून दक्षिणेकडे वळले की किल्लारीचा परिसर येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, येथे धरणी हादरली आणि जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जाड भिंती उन्हाळ्यात गारवा देत. त्याच भिंतींनी झोपलेल्यांना गाडले. आता गावे नव्या जागी वसली आहेत. त्या जुन्या गावठाणाजवळ सायकलची घंटाही वाजवू नये असे वाटते.

सायकलचा स्वतःचा इतिहासही येथे आठवावा. सारख्या चाकांची आधुनिक सायकल १८८५ मध्ये इंग्लंडात आली. तीन वर्षांनी डनलॉपने हवेचे टायर दिले. १९२३ मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये परतले. आमच्या पिढीला सायकल तासाच्या भाड्याने मिळे. शिक्षक, पोस्टमन आणि दूधवाला यांचे ते वाहन होते. मोटारसायकल आली आणि सायकल गरिबीची खूण ठरली. हे वाहनही किल्ल्यांप्रमाणेच बाजूला पडले.

इतिहास येथे एक इशाराही देतो. सहस्र वर्षांपूर्वी कंधारच्या राज्यकर्त्यांनी पाण्यासाठी तलाव बांधला. उलट एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या गोष्टी जुन्या म्हणून आपण दुर्लक्षितो, त्यांची किंमत पुढे द्यावी लागते. आडवाटांचेही तसेच आहे. रुंदीकरणात रस्त्याकाठची चिंच, वड आणि लिंब एकदा तुटले, की तो रस्ता सायकलस्वाराचा राहत नाही. शाळेत चालत जाणाऱ्या मुलीचाही राहत नाही. इंग्लंडात ब्रिस्टल ते बाथ या बंद पडलेल्या लोहमार्गावर १९७९ ते १९८६ या काळात केवळ पादचारी व सायकलस्वारांसाठी वाट तयार झाली. आपल्याकडे तर अशा वाटा आयत्याच आहेत. त्या फक्त सांभाळावयाच्या आहेत.

म्हणून वाचकांस विनंती, की धर्मग्रामातील युवकांची सहल काढताना एकदा या बाजूचा विचार करावा. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ उत्तम; शेतांत हुरडा असतो आणि ऊन सोसवते. बाभळीचे काटे फार, तेव्हा पंक्चरचे साहित्य व पुरेसे पाणी जवळ असू द्यावे. घाई मात्र घरी ठेवून यावे. या वाटांवर वडीलधारी माणसे अजून थांबवून गाव विचारतात, पाणी देतात, आणि विचारले तर किल्ल्याची गोष्टही सांगतात.