भारनियमनापासून स्मार्ट मीटरपर्यंत

आपली सोसायटी आणि आपला जिल्हा जवळपास एकाच वयाचे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली वेगळा झाला आणि पाठोपाठ आपण. पहिली दहा-बारा वर्षे म्हटली की भारनियमनच आठवते.

जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली. पुढे भारनियमनाचे तास त्या त्या भागातली गळती आणि वसुली बघून ठरू लागले. वसुलीचे महत्त्व बँकवाल्याला कोणी सांगायला नको. पण आकडा टाकणार एक आणि अंधारात बसणार वेळेवर बिल भरणारा शेजारीही, हा हिशेब काही जुळत नसे. त्याच काळात अक्षय प्रकाश योजनेत काही गावांनी वेगळी वाट धरली. संध्याकाळी शेतीपंप बंद ठेवायचे, बदल्यात घरात दिवे राहतील. ठरवले सगळ्यांनी, पाळलेही सगळ्यांनी.

आता प्रश्न वेळेचा आहे. सौर वीज दुपारी भरपूर, मागणी संध्याकाळी जास्त. म्हणून १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू झाली. आम्ही पेन्शनर मंडळी अकरा वाजता वॉशिंग मशीन लावू. नवराबायको दोघे नोकरीवर, त्या घराने काय करायचे?

माझे म्हणणे एवढेच, सुरुवात पाण्याच्या पंपापासून करू. सामाईक मीटरला सवलत लागू होते का ते आधी विचारून घेऊ. टाकी दुपारी भरली तर बचत सर्वांच्या मेंटेनन्समध्ये उतरेल. मग दिवसा घरी कोण होते, हा प्रश्नच उरत नाही.