शिकलगारांचे हुनर आणि घरकाम शिकणारा यंत्रमानव

कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना उभारला. जागा औंधच्या राजांनी दिली. त्याआधी बेळगावात त्यांच्या लोखंडी नांगराला गिऱ्हाईक मिळत नव्हते, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. अवजार चांगले असले तरी ते वापरणाऱ्याच्या हाताला पटावे लागते.

आज हाच प्रश्न यंत्रमानवापुढे आहे. घरकामाच्या यंत्रमानवाला कॅमेऱ्यातून डाव आणि झारा यांचे आकार दिसतात. पण हातातली वस्तू जड की हलकी, पोकळ की भरीव, हे नुसत्या चित्रावरून नीट कळत नाही. म्हणून संशोधक त्याला वस्तू उचलायला, हलवायला, ठोकून पाहायला लावतात. सांध्यांवर येणारा भार आणि उमटणारा आवाज यांच्या नोंदींवरून तो वस्तू ओळखायला शिकतो.

या प्रयत्नांचा एक जुना धागा इस्लामी जगात सापडतो. अल-जझरी यांनी १२०६ साली दियारबकरच्या अर्तुकी दरबारात यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला. हात धुण्यासाठीचे त्यांचे एक मोराचे यंत्र त्यात आहे. वापरलेले पाणी साचले की आतला तरंगता गोळा वर येई आणि साबण घेतलेली बाहुली बाहेर पडे. पाणी आणखी वाढले की दुसरी बाहुली टॉवेल घेऊन येई. पाण्याची पातळी हीच त्या यंत्राची संवेदना. मात्र साबणाऐवजी दुसरे काही द्यावे, हे त्याला ठरवता येत नव्हते.

तसे ठरवणारी माणसे कुंडलच्याच रेल्वेमार्गावर, मिरजेत होती. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम घटले, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. तलवारीची धार जोखणाऱ्या घराण्यातले हात भोपळ्यावर टिचकी मारू लागले. तंबोऱ्याची घोडी कानसून ते जवारी काढू लागले. किती घासायचे, हे कान सांगतो. एका कामातले हुनर दुसऱ्या कामात नेणे, यंत्राला अवघड जाणारी ही गोष्ट त्यांनी पोटासाठी साधली.

अशा कारागिराला आपण सहज ‘अडाणी’ म्हणून मोकळे होतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने मुस्लिमांच्या शिक्षणातले मागासलेपण दाखवले, आणि ते खरेच आहे. पण शाळा सुटलेल्या हाताला ज्ञानच नसते, असा त्याचा अर्थ होत नाही. अल-जझरींनी आपल्या यंत्रांची मापे आणि आकृत्या लिहून ठेवल्या, म्हणून आठशे वर्षांनीही ती समजतात. मिरजेचे हुनर मात्र बहुतांशी उस्तादाकडून शागीर्दाच्या हाती गेले. मुलांनी दुसरी वाट धरली की ते तिथेच थांबते.

आपल्या घरांतून आता अभियंते तयार होत आहेत. त्यांनी चार दिवस एखाद्या कारखान्यात उस्तादाशेजारी बसावे, टिचकीचे आवाज टिपावेत, कानशीचा दाब मोजावा. आणि त्या नोंदीवर उस्तादाचे नाव आधी लिहावे.